बारावं स्टेशन

शीलाबाईंचा नवरा फार गोड बोलतो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या अकरा माणसांना पक्कं ठाऊक होतं. शीलाबाईंनाही ठाऊक होतं, पण भिंतीपलीकडून ऐकून.

नवऱ्याचं नाव नीळकंठ पांढरीपांडे. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. हौस एकच, वायरलेसची. गच्चीवर अँटेना, पुढच्या खोलीत टेबलभर सेट, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला सरकारी परवाना, परीक्षा देऊन मिळवलेला. पोराटोरांच्या हातात मोबाइल आले तरी ह्या हौशी लोकांचं आपलं बटण दाबून बोलणं सुरूच. गावाबाहेरच्या टेकडीवर ह्या मंडळींनी मिळून एक रिपीटर बसवला होता. म्हणजे एक यंत्र, जे खालून आलेला आवाज उचलतं आणि जोर लावून पुन्हा चारी दिशांना फेकतं. त्याच्यामुळे यवतमाळातला माणूस दारव्ह्याशी, कळंबशी, पार मुकुटबनशी बोलायचा. यंत्र सगळ्यांचं सामाईक, पण टेकडीवरच्या खोलीची किल्ली नीळकंठरावांच्या खिशात.

रोज सकाळी सात वाजता हजेरी व्हायची. नीळकंठराव एकेकाला पुकारायचे आणि काय पुकारायचे म्हणता! "नमस्कार सदाशिवराव, सुप्रभात! गुडघा कसा आहे आज? तेल लावत जा हो, आळस करू नका. म्हैस आजारी होती ना तुमची, आता खाते का व्यवस्थित? बोला, आम्ही ऐकतो आहोत." असं अकरा जणांना. कोणाची पोरगी दहावीला, कोणाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू, सगळं पाठ. पाऊण तास हे असं चालायचं. मग सेट बंद करून नीळकंठराव मधल्या खोलीत यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "चहा."

बस, तेवढंच. दिवसभराचा हिशोब केला तर शीलाबाईंच्या वाट्याला वीस-पंचवीस शब्द यायचे, आणि त्यातले निम्मे खाण्यापिण्याचे. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती.

शीलाबाई मूळच्या दारव्ह्याच्या. वडील शाळेत कारकून. बारावी सायन्सला गणितात शंभरातले ब्याण्णव मिळवलेली पोरगी, पण एकोणिसाव्या वर्षी स्थळ चालून आलं, सरकारी नोकरीतलं, आणि बापानं हात जोडून उजवून टाकली. पुढं काय, पोळ्या लाटल्या, गुंजनला वाढवलं, तिचं लग्न करून तिला पुण्याला पाठवलं. महिन्यातून एकदा वायरलेसवाल्यांची बैठक घरी भरायची, तेव्हा बारा प्लेटा पोहे आणि दोनदा चहा. "वहिनींच्या हातच्या पोह्यांना तोड नाही," असं सगळे म्हणायचे आणि बशा टेबलाखाली सरकवून पुन्हा अँटेनाच्या गप्पांत बुडायचे. वहिनींचं नाव काय, हे त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

मागच्या वर्षी शीलाबाईंना ताप आला. साधासुधा नाही, चार दिवस अंथरुणातून उठता येईना. गोळ्या शेजारणीनं आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात एकशे तीन ताप असताना त्यांनी भिंतीपलीकडची हजेरी ऐकली. कळंबहून सदाशिवरावांनी विचारलं, "तुमच्याकडे काय विशेष?" नीळकंठराव म्हणाले, "इकडे सर्व आनंद आहे." आणि लगेच, "म्हशीचं सांगा, दूध द्यायला लागली का?"

शीलाबाई उशीत तोंड खुपसून रडल्या. रडून झाल्यावर त्यांना भयंकर राग आला. म्हशीपेक्षा खाली? काय बाई, कोणत्या जन्माचं हे! त्यांना एवढंच पाहिजे होतं, की ह्या माणसानं आपल्याशी त्या आवाजात एकदा बोलावं. सोनं-नाणं नको, तीर्थयात्रा नको. "प्रकृती कशी आहे" एवढं विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं.

नीळकंठराव नवीन लोकांना नेहमी सांगायचे, की आमच्या छंदात परवाना असलेला कोणीही माणूस पुकारतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं. लहान-मोठं, ओळखीचं-अनोळखी काही नाही. शीलाबाईंनी हे शंभरदा ऐकलं होतं. अंगातला ताप उतरल्यावर त्यांनी माळ्यावरून नवऱ्याचं जुनं परीक्षेचं पुस्तक काढलं, पिठाच्या डब्यामागं ठेवलं आणि दुपारी नीळकंठराव झोपले की वाचायला बसायच्या. गणित अजून शाबूत होतं. ओळी-दोन ओळीत सगळं आठवायला लागलं. फॉर्म गुंजननं पुण्यातून भरला. परीक्षेला नागपूरला जायचं होतं, तर डोळे तपासायला बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं. नीळकंठरावांनी "बरं" म्हटलं. कोणता डोळा, काय दुखतं, विचारलं नाही, म्हणून खोटं बोलायलाही फार त्रास झाला नाही.

छप्पन्नाव्या वर्षी पोरगी पास झाली. पोरगीच म्हणायचं, कारण निकाल कळला त्या दिवशी त्या ओट्याजवळ एकट्याच हसत होत्या. पुढं काही महिन्यांनी परवाना आला, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवर पुकारायचं सरकारी नाव, मिळालं, आणि गुंजननं हातात मावणारा एक छोटा सेट कुरिअरनं धाडला.

एका सोमवारी हजेरीत अकरा नावं होऊन गेल्यावर शीलाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि बटण दाबलं. कॉलसाइन सांगितलं, म्हणाल्या, "यवतमाळहून शीला पांढरीपांडे. सर्वांना नमस्कार."

मग तोच तो आवाज, लोण्यासारखा. "सुस्वागतम् शीलाजी. आपला आवाज अगदी स्पष्ट येतो आहे. प्रकृती कशी आहे आपली?"

आपली! शीलाजी! त्यांना हुंदकाच फुटला. तेवढ्यात चारुदत्त मध्ये आला. हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो, नीळकंठरावांचा पट्टशिष्य. "वा सर, कमाल केली तुम्ही! वहिनींना तयार केलं, तेही कोणाला पत्ता न लागू देता!" आणि नीळकंठराव हसून म्हणाले, "थोडंफार मार्गदर्शन केलं, इतकंच."

हजेरी संपली. नीळकंठराव मधल्या खोलीत आले, खुर्चीत बसले. शीलाबाई दाराशी उभ्या राहिल्या, वाट बघत. ते त्यांच्याकडे बघून म्हणाले, "चहा."

पण बाई खुश होत्या, खोटं कशाला सांगा. दीड महिना रोज सकाळी सातला नवरा त्यांना विचारायचा, "शीलाजी, सुप्रभात, बऱ्या आहात ना?" आणि त्या ओट्याला टेकून सांगायच्या, की आज कंबर धरली आहे, की मोगऱ्याला कळ्या आल्या. "काळजी घ्या," भिंतीपलीकडून उत्तर यायचं. आपल्याच नवऱ्याशी टेकडीवरून वळसा घालून बोलायचं, ह्यात किती लाज आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरी मिळतं ते घ्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हळूहळू बाकीचेही त्यांच्याशी बोलायला लागले. दारव्ह्याचा बाबूसिंग, मोटारींचं रिवाइंडिंग करणारा, तो तर थेट विचारायचा, "ताई, हे कसं कराचं?" आणि त्या सांगायच्या.

तिथंच चूक झाली. एका सकाळी बाबूसिंगनं विचारलं, की छतावर लहरीच्या पाव लांबीचा अँटेना लावायचा तर सळई किती घ्यायची. नीळकंठराव झटक्यात म्हणाले, "एक मीटर." शीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "एक मीटर म्हणजे अर्धी लांबी झाली. आपली लहर दोन मीटरची. पाव लांबीला साधारण पन्नास सेंटिमीटर घ्या, बाबूसिंगभाऊ." सदाशिवराव खो खो हसले. "नीळकंठराव, आता गुरू बदलावा लागतो आम्हाला!" नीळकंठरावही हसले, म्हणाले, "शीलाजींचं बरोबर आहे. धन्यवाद."

दिवसभर ते घरात एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी सहाला वायरलेसवर मंडळींच्या गप्पा असतात, तिथं आपला छोटा सेट घेऊन बसले, साडेसहाला सगळ्यांचा निरोप घेऊन उठले, हातातला सेट दिवाणावर टाकला आणि वरून लोडाला टेकून बसले. आता ही गोष्ट ह्या छंदातल्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. सेट लोडाखाली गेला, बटण दाबलं गेलं, आणि दाबलेलंच राहिलं. खोलीतला शब्द न् शब्द टेकडीवर जाऊ लागला आणि तिथून जिल्हाभर.

"लोकाईसमोर मले शिकवते तू?" नीळकंठराव म्हणाले. हा त्यांचा घरातला आवाज. "सदतीस वर्षं मी पोसलं, अन् आता मले अँटेना सांगते? कोण हायेस तू? पोहे करणारी बाई! तो सदाशिव हसून राह्यला माह्यावर, ऐकलं का नाही?"

शीलाबाई म्हणाल्या, "चुकलं तं चुकलं म्हटलं. त्यात काय एवढं?"

"चुकलं? तुह्या परवान्याचा कागद चुलीत टाकीन मी. उद्यापासून तोंड उघडलं तं पाह्य. मागं तापात पडली होती तेच बरं होतं. चार दिवस घरात शांतता होती."

शीलाबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही त्या सदाशिवरावाले जसं बोलता, तसं एकदा मले बोला. सेट नका लावू. असंच, समोर बसून. एकच वेळा बोला हो."

"माणसाशी बोलावं तसं तुह्याशी काहून बोलू?" नीळकंठराव म्हणाले.

रिपीटरला तीन मिनिटांची मुदत असते. कोणी सलग तीन मिनिटं बटण दाबून ठेवलं, की यंत्र आपोआप गप्प होतं. ते गप्प झालं आणि मग नीळकंठरावांचा मोबाइल वाजला. चारुदत्त होता. खोली लहान, शीलाबाईंना पलीकडचं सगळं ऐकू आलं. "सर, माइक दबला आहे तुमचा. म्हणजे... दबलेला होता. काढून घ्या."

कोणाचा माइक दबला असला तर ताबडतोब फोन करून सांगायचं, हा ह्या लोकांचा पहिला शिष्टाचार. पहिल्या मिनिटाला कोणाला फोन सापडला नाही. दुसऱ्यालाही नाही. ऐकायला मजा येत होती की काय, देव जाणे. आणि सांगितलं तेव्हाही चारुदत्तनं माइकची काळजी केली, बाईची नाही.

नीळकंठरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. शीलाबाईंना मात्र त्या रात्री, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मोकळं वाटलं. बरं झालं, त्यांना वाटलं. आता लोकांना कळलं. आता उद्या अकरा जणांपैकी एक तरी म्हणेल, की वहिनी, आम्ही ऐकलं. नीळकंठराव, हे बरं नाही. एकानं म्हटलं तरी पुरे.

सकाळी सातला हजेरी झाली. नीळकंठरावांच्या आवाजात तीळमात्र फरक नाही. सदाशिवरावांचा गुडघा, चारुदत्तची बढती, बाबूसिंगच्या दुकानातली गर्दी, हवा ढगाळ आहे, कापसाला बरी नाही. सगळे नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलत होते. शेवटी नीळकंठराव म्हणाले, "कोणाला काही विचारायचं असल्यास विचारावं."

शीलाबाईंनी बटण दाबलं. "मला विचारायचं आहे. काल संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास रिपीटरवर तीन मिनिटं आमच्या घरातला आवाज येत होता. कोणी कोणी ऐकला? एकेकानं सांगा."

हजेरी चालवणाऱ्यानं प्रश्न सगळ्यांपुढं ठेवायचा असतो. नियमाचे पक्के असलेल्या नीळकंठरावांनी तो ठेवला. त्याच लोण्यासारख्या आवाजात त्यांनी नावं घेतली. "सदाशिवराव, आपण?"

"काल मी सेट लावलाच नव्हता," सदाशिवराव म्हणाले. सहा वाजता सगळ्यात आधी त्यांचाच आवाज आला होता.

"चारुदत्त?"

"नाही वहिनी, मी कॉलेजात होतो. रेंज नव्हती."

मग पुढचा, मग पुढचा. कोणी लग्नाला गेलं होतं, कोणाची बॅटरी उतरली होती, कोणी देवळात होतं. शीलाबाई ओट्याला घट्ट धरून एकेक नाव ऐकत होत्या. दहा झाले.

"बाबूसिंग?"

"ऐकलं ना," बाबूसिंग म्हणाला. "कायले खोटं बोलू? सगळ्याईनं ऐकलं. मी बी ऐकलं. ताई, मले लई वाईट..."

"बाबूसिंग," नीळकंठरावांनी शांतपणे म्हटलं, "आपला आवाज तुटक येतो आहे. नीट कळलं नाही. पुन्हा एकदा सांगावं."

आवाज खणखणीत आला होता, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. शीलाबाईंनी डोळे मिटले आणि मनात म्हणाल्या, बोल रे भाऊ, बोल.

बाबूसिंग म्हणाला, "काही नाही साहेब. मी बी बाहेरगावी होतो काल."

"धन्यवाद," नीळकंठराव म्हणाले. "सर्वांना शुभेच्छा."

पुढच्या रविवारी नीळकंठराव आणि चारुदत्त टेकडीवर गेले आणि रिपीटरला टोन लावून आले. टोन म्हणजे एक प्रकारचं कुलूप. कानाला ऐकू न येणारा एक बारीक सूर आपल्या सेटमधून आवाजाबरोबर जावा लागतो, तोच सूर असेल तर यंत्र तुमचा आवाज उचलतं, नाहीतर तुम्ही त्याच्यासाठी नाहीतच. ऐकता मात्र सगळं येतं, ऐकायला सुराची गरज नसते. बाहेरच्या फालतू लोकांचा त्रास वाढला आहे, असं कारण सांगितलं. नवा सूर अकरा जणांना फोन करून कळवला. सोमवारी सकाळी शीलाबाईंनी तीनदा पुकारलं. यंत्र उघडलंच नाही.

त्यांनी चारुदत्तला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, ते मी कसं सांगू? सरांनाच विचारा ना, घरातच तर आहेत." सदाशिवरावांनी फोन उचलला नाही. बाबूसिंगनं उचलला, "ताई, मले धंदा करा लागते, साहेबाईच्या ओळखीवर दोन कामं भेटतात," एवढं म्हणून ठेवून दिला. सूर असे पन्नासेक असतात. एकेक लावून बघितला असता तर अर्ध्या तासात सापडला असता, हे शीलाबाईंना पुस्तकावरून ठाऊक होतं. त्यांनी एकही लावून बघितला नाही. चोरवाटेनं शिरून कोणाला म्हणायचं, की मी आले आहे, माझ्याशी बोला? तेवढा अपमान त्यांना आता सोसवत नव्हता.

तरी सेट त्या रोज लावतात. आजही लावला. सात वाजता सदाशिवरावांचा गुडघा झाला, दारव्ह्याचं, मुकुटबनचं झालं, अकरा नावं संपली. नीळकंठराव म्हणाले, "कोणी स्टेशन राहून गेलं असल्यास कृपया यावं. आम्ही ऐकतो आहोत."

शीलाबाईंनी बटण दाबलं नाही. सेट ओट्यावर ठेवला, आणि नुसत्या तोंडानं, मोठ्यानं, आपलं कॉलसाइन म्हटलं. मग नाव म्हटलं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत एका विटेची. पलीकडं खुर्ची करकरली. नीळकंठराव रिवाजाप्रमाणे पाच सेकंद थांबले.

"कोणी राहिलेलं दिसत नाही," ते म्हणाले.